जित्या माणसाची तसबीर

सन दोन हजार चोवीस. मला चौऱ्याहत्तरावं वर्ष लागलं होतं आणि उंद्रीकडच्या आमच्या गावात माझं चित्र लोकांनी येऊन पाहावं म्हणून मांडलं होतं. मी जिता असताना. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला.

शाळा मी तिसरीपर्यंत केली. तेवढ्यावर वाचता येतं, आणि लिहितो ते असं, बोलल्यासारखं. कोणाला पटलं नाही तर त्यानं वाचू नये.

आमच्या गावात सोसायटीचं खताचं गोडाऊन होतं. रोडवर नवीन बांधलं तेव्हा जुनं रिकामं पडलं. आधी त्यात कुत्री शिरली, मग पत्ते खेळणारे, आणि मग माझी नात. ही माझ्या मोठ्या पोराची पोरगी. अमरावतीला चित्रकला शिकून आली होती. आम्हाला वाटलं शाळेवर लागेल. ती गोडाऊनच्या मागं लागली. पंचायतीला विचारलं, गावातल्या चार पोरापोरींना धरलं, भिंतींना चुना मारला, दिवे ओढले, आणि त्या जागेला कलादालन म्हणू लागली. गाव त्याला चित्राचं गोडाऊन म्हणतं. पावसाळ्यात अजून तिथं युरियाचा वास येतो.

दोन-तीन महिन्यांनी तिथं नवीन काहीतरी लागायचं. अकोल्याचा एक पोरगा आला, त्यानं फाटका बारदाना शिवून शिवून छतापासून खाली सोडला. मी त्याला विचारलं, "याचा उपयोग काय बाबू?" तो म्हणाला, "काही नाही, आबा." मग मला बरं वाटलं. मी समजत होतो मलाच दिसून नाही राहिला. नंतर पुण्याकडची एक पोरगी आली. तिनं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणून खाली जमिनीवर मोठं गोल घरटं रचलं. दुसऱ्या दिवशी अर्धं घरटं गायब. आमच्या गल्लीतली एक म्हातारी झाडायला म्हणून आत गेली होती, तिनं चांगलं जळतण पडलंय पाहून भारा बांधला आणि नेऊन भाकरी केल्या. मला वाटलं आता पोरगी रडेल. ती म्हातारीच्या घरी गेली, चुलीतली राख मागून आणली आणि उरलेल्या घरट्यात ठेवली. म्हणाली, आता पूर्ण झालं. म्हातारी अजून सांगते, "भाकरी खाऊन गेली व पोरगी, दोन खाल्ल्या."

मी आत फारसा जात नसे. दारातून पाहायचो. तिथं चपला काढायच्या की नाही हे कोणी धड सांगत नव्हतं. अर्धे लोक काढून जायचे, अर्धे घालून. अशा जागी माणसानं उगाच शिरू नये.

मग नातीनं स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन धरलं. गावातलीच माणसं, कोळशानं काढलेली, दीड-दीड हात लांबीच्या कागदांवर तोंडं. पिठाच्या गिरणीवाला, भाकरी भाजणारी ती म्हातारी, बकऱ्या चारणारा, आणि मी. मी दुपारी लिंबाखाली बाजेवर बसायचो आणि ती समोर पोत्यावर बसून काढायची. बोललो तर म्हणायची, "आबा, तोंड हलवू नका." मी म्हणायचो, "मंग भांडू कसा?"

चित्र झालं. बरोबर आलं होतं. कपाळावरची खोक, कानातले केस, सगळं. काळं-पांढरं, पण दमदार. फक्त ती सगळी चित्रं दोरीला चिमट्यानं लटकवणार होती, कपडे वाळत घालतात तशी. इथं माझं-तिचं वाजलं.

"माहं तोंड चिमट्यानं धरशीन?"

"आबा, सगळ्यांचीच तशी आहेत."

"सगळे सगळे असतीन. मी तुहा आजा हाय."

मी कागदाची गुंडाळी केली, गाडीत बसलो आणि चिखलीला तसबिरीच्या दुकानात गेलो. चांगली जाड चौकट सांगितली, सोनेरी काठाची, वर काच. दुकानदारानं चित्र उघडून पाहिलं आणि एकदम मऊ आवाजात बोलायला लागला. म्हणाला, "वर हाराची कडी लावू ना, काका?"

"सगळ्याईले लावतं का?"

"अशा सगळ्यांनाच लावतो."

"मंग लाव ना. याले काऊन कमी?"

त्यानं काच पुसली, मग पुन्हा एकदा पुसली, आणि चित्र माझ्या हातात देताना कपाळाला हात लावला. मला वाटलं, चित्र चांगलं आहे म्हणून. चौकटीकडं मी पाहत होतो, माणसाच्या तोंडाकडं कशाला पाहू.

गोडाऊनची भिंत लोण्यासारखी. खिळा ठोकला की पापुद्रा निघून हातात. एवढी वजनाची तसबीर टिकेना. मग मीच म्हणालो, खुर्चीवर ठेवा, आणि पुढं ठेवा, समईजवळ, आल्या माणसाला आधी दिसेल अशी. नात म्हणाली, "आबा, खुर्चीवर नको. वेगळंच दिसतंय ते." मी ऐकलं नाही. खुर्चीवर पांढरा कपडाही मीच टाकला, लाकडाला धूळ होती म्हणून.

उद्घाटन सकाळी होतं. कार्तिक महिना, कापूस वेचणीचे दिवस, तरी माणसं बरी जमली. पाहुणे म्हणून तालुक्याचे एक पुढारी बोलावले होते. माणूस वाईट नाही, पण दिवसात चार ठिकाणी जातो, त्यामुळे कुठं आलोय हे त्याला गाडीतून उतरल्यावर सांगावं लागतं. सूत्रसंचालन शाळेच्या मास्तरांकडं. मास्तर वर्षानुवर्षं त्याच ओळी म्हणतात, आणि आमच्याकडं कार्यक्रम म्हटला की ताटात नारळ, अगरबत्ती आणि दोन हार असतातच. हार कोणासाठी हे कोणी विचारत नाही. असतात.

मास्तर माईकवर म्हणाले, "मान्यवरांनी दीपप्रज्वलन करून प्रतिमेचं पूजन करावं, अशी मी विनंती करतो."

पाहुण्यानं समई लावली, वळून पाहिलं, तर समोर खुर्चीवर पांढऱ्या कपड्यावर काळी-पांढरी तसबीर, सोनेरी काठ, वर कडी. त्यानं ताटातला हार उचलला आणि माझ्या गळ्यात, म्हणजे चौकटीच्या गळ्यात, घातला. अगरबत्ती ओवाळली. डोळे मिटून हात जोडले. मागचे लोक सवयीनं उभे राहिले. सगळे उठले म्हणून मीही उठलो.

नात दोरीपाशी उभी होती. तिचं तोंड मी पाहिलं आणि मला उमगलं की हे काही मानाचं चाललेलं नाही.

तरी मी गप्प बसलो. पाहुण्याचा पचका आपण करू नये. पण पाहुण्यानं माईक धरला आणि सुरू झाला. "आज ते आपल्यात नाहीत. पण त्यांनी या गावासाठी जे कष्ट उपसले..." मागं पोरं खिदळायला लागली. "त्यांच्या जाण्यानं जी पोकळी निर्माण झाली..." तेव्हा मला राहावलं नाही. मी पहिल्याच रांगेत होतो, काठी टेकून उठलो.

"साहेब," म्हणालो, "मी अठीच बसलो हाय. पोकळी नाई झाली अजून."

मग जो हशा झाला. पाहुणा मात्र तयारीचा. खाली आला, माझे पाय धरले, म्हणाला, "बाबा, तुमचं आयुष्य वाढलं." त्याच्या या बोलण्याला टाळ्या पडल्या. खोटी मरणाची बातमी उठली की आयुष्य वाढतं, हे आमच्याकडं सगळेच मानतात. मीही मानतो. चहा आला, चिवडा आला, आणि मी आयुष्य वाढवून घेऊन चिवडा खात बसलो.

तेवढ्यात माझ्या पोराचा फोन वाजला. तो बोलता बोलता बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याचा रंग उतरला होता.

झालं असं होतं. पाहुण्यासोबतच्या माणसानं हार घालतानाचा फोटो काढून लगेच मोबाईलवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, साहेबांनी प्रतिमेस पुष्पहार अर्पण केला. बस, एवढंच. त्याच्याखाली कोणी हात जोडले, कोणी दिवा लावला, कोणी लिहिलं फार वाईट झालं. पाहुण्याचं भाषण अर्ध्यावर होतं तोवर फोटो मोताळ्याला पोचला. मोताळ्याला माझी बहीण दिलेली आहे.

बहीण माझ्याहून मोठी. आमची माय लवकर गेली, मला हिनंच कडेवर वागवलं, स्वतः परकर नेसत होती तेव्हा. मागच्या वर्षी तिच्या छातीत दुखलं, तिच्या हृदयात स्प्रिंग टाकली. डॉक्टरनं सगळ्या घराला बसवून सांगितलं होतं की हिला धक्का सोसणार नाही, वाईट बातमी हळूहळू सांगत जा. आता मोबाईल काय हळूहळू सांगतो. भाचा वावरात कापूस वेचायला माणसं घेऊन गेला होता. बहिणीच्या सुनेनं फोटो पाहिला आणि तोंडातून "अवं मायवं, मामा गेले" एवढं निघालं. बहीण मागंच उभी होती. तिनं शेजारणीला हाक मारली, पायात चपला घातल्या, आणि दोघी स्टँडवर जाऊन बुलढाण्याच्या जीपमध्ये बसल्या. सुनेनं भाच्याला फोन लावला, भाच्यानं माझ्या पोराला. दोघींजवळ मोबाईल नाही. गोळ्यांची पिशवी घरीच खुंटीला.

मला माझी काळजी कधी वाटली नाही. त्या दिवशी चिवडा तसाच टाकून उठलो.

"बुलढान्याऊन चिखली, अन् चिखलीऊन अठी," मी म्हणालो. "गाडी तं चिखलीले बदलाच लागन तिले. म्या जातो स्टँडवर."

पोरगा म्हणाला, "मी जातो, तुम्ही घरी राहा." मी म्हणालो, "तू जाऊन काय सांगशीन? मी जिता हाय मनून? मलेच पाहू दे तिले."

नात तोवर स्कुटी घेऊन उभी होती. त्या गाडीवर मी कधी बसलो नव्हतो. नातीच्या मागं बसून जाणं मला शोभत नाही असं माझं मत होतं. बसलो.

रस्त्यानं ती रडत होती. पाठीवरून कळत होतं. म्हणाली, "आत्याआजीला काही झालं ना आबा, मी ते सगळं बंद करते. जाळून टाकते ते चित्र."

मी तिला नाही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. बहिणीला काही झालं असतं तर त्या गोडाऊनची पायरी मी पुन्हा चढलो नसतो, आणि पोरीलाही चढू दिली नसती. "समोर पाह्य," एवढंच म्हणालो, "खड्डा हाय."

चिखलीच्या स्टँडवर पोचलो. बुलढाण्याहून एक एसटी आली, उतरली माणसं, ती नाही. मग काळी-पिवळी आली, त्यात नाही. आणखी एक गाडी आली, तीत कॉलेजची पोरं. मी हिशेब करू लागलो. एवढ्यात यायला पाहिजे होती. बुलढाण्यात उतरली आणि तिथंच खाली बसली असेल का? कोणी दवाखान्यात नेली असेल का? कोणाला विचारावं? नात फोनवर भाच्याशी बोलत होती. भाचा मोटरसायकल घेऊन मोताळ्याहून निघाला होता, रस्त्यात थांबून थांबून पाहत येत होता.

तिथं उंद्रीचा एक ओळखीचा माणूस भेटला. त्यानं मला पाहिलं, मग मोबाईल पाहिला, मग मला.

"आबा? तुम्ही तं..."

"हाव. वापस आलो," मी म्हणालो. "तठी जागा नाई मने."

तो हसला नाही. त्यानं माझ्या हाताला हात लावून पाहिला आणि मग माझ्यासाठी चहा आणायला टपरीवरच्या पोराला पाठवलं. तेव्हा नातीच्या डोक्यात आलं. म्हणाली, "आबा, तुम्हाला असं एकदम समोर पाहिलं तरी तिला धक्काच बसेल ना? मेलेला माणूस स्टँडवर उभा. तुम्ही मागं व्हा. मी आधी बोलते."

मला हे पटलं. पोरगी जे बोलते ते मला सहसा पटत नाही, पण हे पटलं. रसवंतीचं दुकान बंद होतं, त्याच्या ताडपत्रीमागं जाऊन मी उभा राहिलो. चरकावर बसलेल्या माश्या आणि मी.

आणि मग ती आली. बुलढाण्याच्या एसटीतून आधी शेजारीण उतरली, मग तिनं हात धरून बहिणीला उतरवली. हातात एक नवी पिशवी. चालत होती. आपल्या पायानं चालत होती. मी ताडपत्रीचा बांबू धरला.

नात तिच्याकडं धावली. पण बहिणीनं तिला पाहिलं मात्र, तिचा बांध फुटला. पोरीला गळ्याशी धरून तिनं तिथंच, स्टँडच्या मधोमध, सूर धरला. आमच्याकडच्या बाया रडतात तसा. मेलेल्याला उद्देशून, एकेक गोष्ट काढून.

"अरे माह्या भावा रे... कोनाचंच ऐकलं नाई रे तू..."

"आत्याआजी, ऐका ना..."

"बैल इकू नको म्हटलं, तरी इकला रे... दात पाडून घे म्हटलं, तरी तसाच राह्यला रे..."

"आत्याआजी, अवं ऐक, आबा..."

"भाऊबीजीले पाट मांडून बसली रे मी... फोनवर आवतन देल्लं मनून रुसला रे... वास्तूच्या जेवनाले आला नाई, भाऊबीजीले आला नाई... एवढा कसा रे हेकट माहा भाऊ..."

चांगलं काहीतरी येईल म्हणून मी थांबलो होतो. माणूस मेल्यावर त्याचं चांगलं बोलतात. हिला आठवून आठवून हेच सापडत होतं. आणि वास्तूचं म्हणाल तर भाच्यानं नवीन घर बांधलं आणि आवतण फोनवर दिलं. मामाला आवतण दारात येऊन, कुंकू लावून द्यायचं असतं. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

मी ताडपत्रीमागून बाहेर आलो. नातीचं सांगून व्हायचं होतं, पण बाईचा श्वास लागायला लागला होता, तो मला ऐकू येत होता.

"बाई," मी म्हणालो, "पुरे. फोनवर कोनी आवतन देते का?"

तिचा सूर तिथंच तुटला. तिनं माझ्याकडं पाहिलं. टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता पडते, मी हात पुढं केले. ती पडली नाही. तिनं ती नवी पिशवी फिरवली आणि माझ्या खांद्यावर हाणली.

"मेला नाई तू?"

"नाई ना व."

"मंग हार कायचा घातला?"

"चित्राले घातला. माहं चित्र हाय. तुह्या या नातीनं काढलं."

"जित्या मानसाच्या चित्राले हार घालते का कोनी?"

"पुढाऱ्यानं घातला."

"त्याले काय कामधंदा नाई का?" असं म्हणून तिनं पुन्हा पिशवी हाणली. मग माझा दंड धरला आणि तो सोडलाच नाही. तिथल्या बाकावर बसलो तरी धरलेलाच. शेजारीण म्हणत होती, "आयुष्य वाढलं हो भाऊ तुमचं," आणि स्वतःच रडत होती. नातीनं भाच्याला फोनवर विचारून औषधाच्या दुकानातून तिच्या नेहमीच्या गोळ्या आणल्या. ती गोळी घेऊन पाणी प्यायली. नातीनं छातीत दुखतं का विचारलं. म्हणाली, "दुखून तं राह्यलं, पन ते रडल्यानं हाय. ते येगळं असते." ज्या बाईला आपल्या दुखण्यातला फरक सांगता येतो तिला काही होत नाही. माझ्या छातीवरचं ओझं तेव्हा उतरलं. मी टोपी काढून तोंड पुसलं, आणि पुसतच राहिलो.

"एवढा टाइम कुठी लागला तुले?" मी विचारलं.

तिनं पिशवीकडं पाहिलं. बुलढाण्यात उतरून ती कापडाच्या दुकानात गेली होती. भावाला अग्नी द्यायच्या आधी बहिणीचं कापड त्याच्या अंगावर पडावं लागतं, रीत आहे. पिशवीत नवं धोतर होतं. छाती दुखत असताना, भाऊ गेला असताना, बाई दुकानात उभी राहून पोत पाहत होती. म्हणाली, "दुकानदारानं आधी पातळ पोताचं दाखोलं. मी म्हटलं हे नको, तो पातळ नेसत नसते."

शेजारीण म्हणाली, "हे वापस नाई करता येत आता. अन् घरातही ठेवू नाई असलं कापड. नदीले सोडा."

"काऊन सोडा?" मी म्हणालो. "माह्या बहिनीनं माह्यासाठी आनलं. नेसीन मी."

मग बहीण हसायला लागली. दात नाहीत तिला. हसता हसता पुन्हा रडली आणि मग भाचा आला मोटरसायकलवर. त्यानं मायला पाहिलं, मला पाहिलं, आणि गाडी स्टँडला न लावताच उतरला. गाडी आडवी पडली. ती उचलायला आम्ही सगळे.

त्या दिवशी तिला मोताळ्याला परत जाऊ दिलं नाही. शेजारणीला भाच्यासोबत पाठवलं आणि तिला घरी आणलं. ऊन कलताना ती म्हणाली, "ते चित्र तं दाखव मले, ज्याच्यापायी म्या स्टँडवर तमाशा केला."

गोडाऊनमध्ये कोणी नव्हतं. दोरीवर सगळी तोंडं लटकलेली आणि पुढं खुर्चीवर मी, हार घातलेला. बहीण दारात थांबली. "चपला काढाच्या का?" नात म्हणाली, "नाही काढल्या तरी चालतं." तिनं काढल्या.

आधी तिनं हार उतरवला. तोडला नाही, गाठ सोडून उतरवला आणि नातीच्या हातात दिला. मग चित्रासमोर उभी राहिली. नात माझ्याकडं पाहत होती. सकाळपासून ती या एका गोष्टीसाठी अडून होती, हे मला तेव्हा दिसलं. आत्याआजीनं नाही म्हटलं असतं तर घरात कोणी हो म्हणणारं नव्हतं.

"कपायावरची खोक," बहीण म्हणाली. "हे लायनपनी लागलं याले. माह्या कडेऊन पडला होता, जात्यावर. हे तुले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. दिसली तशी काढली."

"बराबर जाग्यावर हाय." तिनं काचेवर बोट ठेवलं. "चित्र चांगलं हाय पोरी. ही चौकट बेकार हाय. मेल्या मानसाची वाटते. ही कोनं केली?"

नात काही बोलली नाही. ते मी तिचं लक्षात ठेवलं आहे.

"म्या," मी म्हणालो.

"वाटलंच मले."

मी चौकट पालथी घातली, मागचे बारीक खिळे पक्कडीनं उपसले, आणि कागद मोकळा केला. नातीनं तो गिरणीवाल्याच्या शेजारी दोरीला चिमट्यानं लावला. दिवा लावला तेव्हा वाऱ्यानं सगळी तोंडं थोडी थोडी हलत होती, माझंही. बहीण एकेकापुढं जाऊन उभी राहिली, भाकरीवाल्या म्हातारीला ओळखलं, बकऱ्यावाल्याला ओळखलं नाही. जाताना नातीला म्हणाली, "माहंही काढ येखादं. पन मी बसली असली का त्या पुढाऱ्याले बलावू नको."

रात्री ती ओट्यावर झोपली. मी दोनदा उठून पाहिलं. घोरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आंघोळ केली आणि ते नवं धोतर नेसलो. सून म्हणाली, मामंजी, अहो हे काय. पहिल्या गाडीनं बहिणीला घेऊन मोताळ्याला निघालो, कारण तिच्या गल्लीत मी गेल्याची बातमी सगळीकडं झाली होती, भाच्यानं आणि शेजारणीनं सांगूनही अर्ध्या गल्लीला खरं वाटत नव्हतं, आणि ती पोचली की बाया भेटायला, रडायला येणार होत्या. बोलावणं नव्हतं, पण अशा कामाला लागत नाही. आम्ही गल्लीत वळलो तेव्हा कोपऱ्यावरच्या एका म्हातारीनं बहिणीला पाहून पदर तोंडाला लावला आणि सूर काढायला तोंड उघडलं. बहीण म्हणाली, "थांब व, हा काय इथं." म्हातारी तोंड उघडं ठेवून माझ्याकडं पाहत राहिली. मी तिला राम राम केला, भाच्याच्या नव्या घराची पायरी चढलो आणि ओसरीत बसलो. बहिणीच्या सुनेनं चहा आणला. मी तो बशीत ओतला.